हिरव्या पट्टीची गाडी

सकाळपासून नौशादच्या बोटांत हिरव्या चिकटपट्टीचं रीळ फिरत होतं. नियंत्रण कक्षात तो खुर्चीवर बसे, उठे, खिडकीपर्यंत जाई, पुन्हा वायरलेसवरून गाड्या पाठवणाऱ्या सत्यशीलाच्या टेबलामागे येऊन उभा राही.

यवतमाळच्या त्या संस्थेच्या नऊ रुग्णवाहिका होत्या आणि नऊही गाड्यांतले वायरलेस सेट नौशाद सांभाळी. कपाशीवरच्या फवारणीनं माणसं विषबाधा होऊन पडायला लागली, तेव्हा संस्थेनं झरीकडच्या डोंगरावर नवा टॉवर घेतला, कारण तिकडच्या जंगलात मोबाइल लागत नसे आणि जुना टॉवर पोचत नसे. नव्या टॉवरची वाहिनी वेगळी होती. सेट आपोआप एकेका वाहिनीवर थांबून ऐकतो आणि हाक आली की तिथेच टिकतो. पण कुठल्या वाहिन्या ऐकायच्या, ही यादी त्याच्यात आधी भरावी लागते. नौशादनं ती गाडीगणिक भरली. जी गाडी झाली, तिच्या अँटेनाच्या बुडाशी तो हिरव्या पट्टीचा एक वेढा देई. हा वेढा कशाचा, हे त्यानं कुणा ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं. मुळात तो बोलायचाच कमी.

सव्वा अकराला फुलसावंगीहून बदलीवर आलेला आरोग्यसेवक झरीपलीकडच्या एका पाड्यावरून टेकडी चढून फोनवर बोलला. दीपमाला नावाची बाई फवारणीच्या पंपांत पाणी भरता भरता कोसळली होती, तोंडाला फेस होता. तिथून सहा नंबरची गाडी आठ किलोमीटरवर उभी होती. तिचा ड्रायव्हर धर्मपाल आजच सकाळी गाडीसकट आर्णीहून झरीला नेमला गेला होता.

सत्यशीलानं नव्या वाहिनीवरून सहा नंबरला चारदा हाक मारली. उत्तर नाही. गाडीत डुलकी लागली असेल मेल्याला, असं पुटपुटत तिनं पांढरकवड्याहून प्रेमसिंगची चार नंबरची गाडी सोडली. तिला पोचायला तास लागणार होता. बाईकडे तेवढा वेळ होता की नाही, कोण सांगणार?

नौशादला आर्णी आठवली. चार दिवसांपूर्वी चहा पिताना रस्त्यापलीकडे सहा नंबर उभी होती आणि तिच्या अँटेनावर हिरवा वेढा होता. ही केली वाटतं आपण, असं म्हणून त्यानं वहीत खूण केली होती. सेट उघडून पाहिला नव्हता. आणि आता कितीही आठवलं, तरी त्या गाडीत बसल्याचं आठवत नव्हतं.

बोललं तर नोकरी जाईल. सध्या तरी सत्यशीला धर्मपाललाच झोपाळू म्हणत होती. नौशाद खिडकीकडे निघाला आणि अर्ध्यातूनच फिरला.

"ताई, धर्मपाल झोपला नाही. त्याच्या सेटात नवी वाहिनीच नाही. मी फक्त पट्टी पाह्यली, सेट नाही."

सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं. "मंग आता?"

"जुन्या वाहिनीवर तो ऐकून राह्यला असन. टॉवर तिथं पोचत नाही, पण गाडी जवळ गेली की गाडीले गाडी थेट ऐकू येते. प्रेमसिंगले सांगा, जुनी वाहिनी थेटवर लावून दर चढावावर हाक मार म्हणा."

पुढची वीस मिनिटं नौशाद भिंतीला टेकला, सुटा झाला, पुन्हा टेकला. प्रेमसिंग पहिल्या चढावावरून बोलला, काही नाही. दुसऱ्यावर नुसती खरखर. तिसऱ्या चढावावरून तो म्हणाला, "ताई, सापडला. निघाला तो. म्हणते, सकाळपासून वाट पाहून राह्यलो, कोणी हाकच मारत नाही."

सव्वा बाराला दीपमाला दवाखान्यात पोचली. चार वाजता डॉक्टर म्हणाले, वाचेल.

संध्याकाळी धर्मपाल गाडी घेऊन यवतमाळला आला. नौशाद आत बसला आणि सेटाची यादी भरू लागला. भरून झाल्यावर त्यानं विचारलं, ही पट्टी कुठून आली.

धर्मपाल मान खाली घालून हसला. "दुकानातून आणली. मी गंडेदोरे मानत नाही, नौशादभाई. पण तुम्ही प्रेमसिंगच्या गाडीले ते बांधलं अन् दुसऱ्याच दिवशी तो पुलावरून पडता पडता वाचला. सारे म्हणत, नौशादभाईच्या हातात काहीतरी हाय. मंग मलेच काहून नाही? अन् टेपले का जात-धर्म असते?"

नौशादला हसू आलं नाही. त्यानं ती पट्टी नखानं सोलून काढली आणि माइक धर्मपालच्या हातात दिला.

"आधी बोल. दोन्ही वाहिन्यांवर बोल. ताईचं उत्तर माह्या कानांनी ऐकू दे."

धर्मपाल बोलला. दोन्हीकडून सत्यशीलाचा आवाज आला. मग नौशादनं रीळ काढलं, दातानं तुकडा तोडला आणि अँटेनाला वेढा दिला. तरी गाडी सोडण्याआधी त्यानं पुन्हा एकदा आत वाकून सेट लावून पाहिला. बाकीच्या आठ गाड्या उद्या सकाळी सातला सेट तपासण्यासाठी उभ्या करायला त्यानं सांगून ठेवलं होतं. पट्टी असो वा नसो.