जमिनीवर ठेवलेला फिंजान

आमच्या 'साकिया'वर प्रश्न विचारणं म्हणजे मुलीला दाखवायला नेण्यापेक्षा अवघड, असं लोक म्हणतात. ते काही खोटं नाही. शेती आणि पाणी यांच्यावर अरबीत प्रश्नोत्तरं चालतात अशी ही साइट. बसऱ्यापासून मराकेशपर्यंतची माणसं तिथं विचारतात आणि तिथलीच माणसं उत्तरं देतात. प्रश्न धड हवा, एका वेळी एकच हवा, आणि आधी स्वतः काय करून पाहिलं तेही लिहिलेलं हवं. नाहीतर आम्ही देखरेख करणारे तो बंद करतो, आणि बंद प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नाही. काम फुकटचं, शिव्या मात्र भरपूर. मी ते इथं निझ्वा शहरात, डोंगराच्या पायथ्याशी बसून करते, आणि अम्मानमधून रशाद करतो. पेशानं इंजिनियर, स्वभावानं कात्री.

सलाम-दुआ घरी ठेवून या, असं रशादचं म्हणणं. कुणी चार ओळी खुशाली विचारली की हा त्या कापून टाकणार आणि वर नियम चिकटवणार. यावरून आमचं कितीदा वाजलंय. उंटावरून शेळ्या हाकू नकोस बाबा, खाली उतरून माणसं बघ, असं मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. पण कामाला वाघ. साकियावर कचरा साचत नाही तो त्याच्यामुळे, हे मी त्याच्या पाठीमागे कबूल करते.

त्या दिवशी दुपार उलटल्यावरची असरची नमाज आटोपून मी फोन हातात घेतला आणि बंद झालेल्या प्रश्नांवरून नजर फिरवली. एकाचं शीर्षक नुसतं 'सलाम'. खाली लिहिलेलं: तुम्हा सगळ्यांना सलाम, तुमची मुलंबाळं, शेळ्या, खजुरी खुशाल असोत. आमच्याकडे काही बातमी नाही, अल्लाहची कृपा आहे. फलजही वाहतो आहे. तुमच्याकडची बातमी काय? नाव खल्फान, भाषा जुन्या माणसाची, गाव इथलंच, वर डोंगरातलं. रशादनं कारण दिलं होतं, 'यात प्रश्न नाही.'

तसा तो नव्हताच. पण मी तो मजकूर पुन्हा वाचला. आमच्याकडे पाहुणा आला की यजमान बातमी विचारतो आणि पाहुणा म्हणतो, बातमी काही नाही, सगळं ठीक. घर जळून आला असला तरी हेच म्हणतो. मग खजूर येतात, कॉफी येते, आणि ती झाल्यावर तो खरं काय ते सांगतो. उंबऱ्यातच गाऱ्हाणं ओतायला तो काय भिकारी आहे? या म्हाताऱ्यानं दार वाजवलं होतं, आणि आम्ही ते त्याच्या तोंडावर लावलं. शिवाय खुशाली सांगताना फलजचं नाव कोण घेतं? डोंगराच्या पोटातून बोगद्यानं येणारं ते पाणी, गावाचा जीव त्याच्यावर. ते वाहतंय असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर काहीतरी बिनसलंय समजावं.

बंद प्रश्नाखाली शेरा लिहिता येतो. तिथं मी लिहिलं, या काका, बसा, खजूर घ्या, कॉफी ओतलीय. थोड्या वेळानं उत्तर आलं, पोरी, तुझं घर भरलेलं राहो. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. डाळिंबांची केली. त्यांनी माझ्या सासूबाईंची केली, ज्यांना ते जन्मात भेटलेले नाहीत. रशाद हे सगळं बघत होता. आमच्या दोघांच्या खासगी खिडकीत त्यानं विचारलं, "उम्म सैफ, ही साइट आहे की चहाची टपरी?" उम्म सैफ, म्हणजे सैफची आई, ती मी. तरी मी काकांना बातमी विचारली.

ते म्हणाले, काही नाही. मी पुन्हा विचारली. मग एक ओळ आली.

"पोरी, फिंजान समोर जमिनीवर ठेवलाय. ओठाला लावलेला नाही."

 तो छोटा कॉफीचा पेला पाहुण्यानं न पिता खाली ठेवला, म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि ते ऐकल्याशिवाय तो तुमच्या घरचा घोटही घेणार नाही. त्यानंतर यजमानाला नाही म्हणायची सोय नसते. मी काही लिहिणार, तेवढ्यात प्रश्नावरचं कुलूप निघालं. मी काढलं नव्हतं. रशादनं काढलं होतं.

"माझे आजोबा केरककडच्या तंबूंत राहायचे," त्यानं मला लिहिलं. "तंबूत कुणी फिंजान खाली ठेवला की ते जेवण थांबवायचे." आणि काकांना त्यानं लिहिलं, "काका, मागा. आम्ही ऐकतोय."

मग म्हातारा सुटला. फोनमध्ये बोलून लिहीत होता, त्यामुळे ना पूर्णविराम ना काही, बांध फुटल्यासारखं सगळं एकदम. आधी वाटलं, आता रशाद कात्री काढणार. त्यानं काढलीही, पण ती कात्री मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. एका वेळी एकच गोष्ट विचारायचा. पाण्याचा रंग कसा? वर पाऊस झाला का? पाणी थांबतं म्हणजे पार आटतं की बारीक होतं? म्हाताऱ्याचा एक शब्द त्यानं वाया जाऊ दिला नाही आणि स्वतःचा एकही घातला नाही. गाठोडं सोडून एकेक वस्तू नीट मांडून ठेवावी, तसं त्यानं ते मांडलं. शेवटी वर जो प्रश्न उभा राहिला, तो असा: पाऊस नाही, तरी फलजचं पाणी अडखळत येतंय, मध्येच बंद होतं आणि मग लाल गाळ घेऊन उसळतं. गाळ काढायला उद्या सकाळी माझा मुलगा हुमैद दोघांना घेऊन बोगद्यात उतरणार आहे. मला भीती वाटते आणि गाव मला हसतं. उतरू द्यावं का?

एवढंच होतं हो. एका बापाला आपलं पोर बिळात जाऊ द्यायचं नव्हतं, आणि नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

मग जे झालं, ते आठवलं की मी अजून तोंडात बोट घालते. पहिलं उत्तर आलं अल्जीरियातून, तुआतच्या वाळवंटातून. बर्का नावाचा माणूस. त्यांच्याकडेही असेच बोगदे आहेत, नाव वेगळं. त्यानं लिहिलं, कुणालाही उतरवू नका. आत छताची माती पडते, पाणी तुंबतं, मग ते रेटून बाहेर येतं. तुमचा फलज घास गिळता न येणाऱ्या माणसासारखा करतोय. बोगद्यात उतरायला ओळीनं विहिरी असतात ना, त्यांतल्या वरच्या विहिरीत गवताचा पेंढा टाका आणि खालच्या विहिरीत तो येतो का बघा. लगेच मोरोक्कोतल्या फिगिगहून इज्जा नावाच्या बाईनं लिहिलं, आमच्याकडेही पेंढाच टाकतात, आणि पेंढा आला नाही तर त्या दोन विहिरींच्या मधल्या जमिनीवर शेळीही चरू देत नाहीत. मग इराकच्या डोंगरातून एक, येमेनमधून एक. एकमेकांना न ओळखणारी माणसं, एकमेकांची बोली अर्धीमुर्धी समजणारी, आणि सगळ्यांच्या आज्यापणज्यांनी अंधारात पाण्याचा एकच स्वभाव ओळखून ठेवलेला. हे सगळं ज्ञान तिथं आधीपासून बसलेलं होतं. दारावर कुणी नीट विचारायचाच अवकाश होता.

"एवढं जग," रशादनं मला लिहिलं.

काकांनी उत्तरं हुमैदला वाचायला दिली. हुमैदचा म्हाताऱ्यावर विश्वास नव्हता, पण चार देशांवर बसला. सकाळी त्यानं वरच्या विहिरीत पेंढा सोडला आणि सगळे खालच्या विहिरीवर वाकून बसले. पेंढा आला नाही. दोघांतला एक म्हणाला, वाटेत अडकला असेल, मी बघून येतो, आणि दोर कमरेला बांधायला लागला. हुमैदनं त्याच्या हातातून दोर काढून घेतला. दुपार व्हायच्या आत त्या दोन विहिरींमधली जमीन बसली. तीन घरं मावतील एवढा खड्डा, आणि आवाज असा, की गावातल्या बायकांना वाटलं डोंगर उतरला. हे मला नंतर हुमैदनंच फोनवर सांगितलं. 

काका मात्र त्या दिवशी दिवसभर साकियावर आले नाहीत. जीव टांगणीला लागला होता आमचा; बर्का दर तासाला विचारत होता, म्हातारबाबांचं काय झालं? इज्जानं तर मलाच झापलं, तुमच्या गावात फोन नाहीत का म्हणून. संध्याकाळी त्या पानावर खाली एक ओळ उमटली.

"सगळ्यांना सलाम. बातमी काही नाही. हुमैद माझ्याशेजारी बसून खजूर खातोय. फिंजान उचलला."

आमच्या नियमाप्रमाणे हे उत्तर नव्हे. आभार, खुशाली, असलं काही आलं की ते पुसायचं, हा नियम रशादनंच लिहिलेला. बटण त्याच्याही हाताशी होतं आणि माझ्याही. मी वाट बघितली. मग त्या ओळीखाली रशादचा शेरा आला.

"काका, अजून एक घ्या. ओततोय."