दोनदा टकटक

"कागद खिशातच ठेवा," मेधा मास्क नाकावर ओढत म्हणाली. "हातात कागद दिसला की हॅनेकेंना डॉक्टर आल्यासारखं वाटतं."

आर्थरनं हातमोज्यातल्या हातानं कागद कोंबला.

"चारच वाक्यं ना, मेधा?"

"चारच. अडलात तर पहिला शब्द देईन. अख्खं वाक्य मागायचं नाही."

पुण्यात बँकेच्या नाटकांत तिनं विंगेतून हेच केलं होतं. हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला शेजारी खराखुरा इंग्रज नट मिळेल आणि त्याला आपणच डच शिकवू, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

चाळीस वर्षं आर्थरनं बटलर केले, फौजदार केले, दोनदा प्रेत. तालीम घ्यायची ती बायको, हॅनेके, स्वयंपाकघरात. तो चुकला की ती टेबलावर दोनदा टकटक करायची. मग त्यानं मुकाट दाराबाहेर जायचं आणि नव्यानं प्रवेश करायचा.

"प्रेताच्या वेळीसुद्धा सोडलं नाही," त्यानं मेधाला सांगितलं होतं. "म्हणे, श्वास दिसतोय."

आता हॅनेके वृद्धाश्रमाच्या काचेआड होती. तिच्या डोक्यातून आधी इंग्रजी गेलं, मग नवरा. लहानपणचं डच तेवढं उरलं. गेल्या गुरुवारी काचेबाहेरचा म्हातारा इंग्रजीत बोलायला लागला, तशी ती किंचाळली होती.

मेधाच्या फोनवर आतल्या नर्सचा आवाज आला. "आज पुन्हा घाबरल्या, तर भेटी बंद. लॉकडाउन उठेपर्यंत."

"कधी उठेल?" आर्थरनं विचारलं.

फोन स्पीकरवर टाकून मेधा दीड मीटर मागे सरली.

नर्सनं खुर्ची काचेशी आणली. आर्थरनं टोपी काढली. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरंही. तिसऱ्याला हॅनेकेच्या कपाळावर आठी पडली.

चौथं होतं, 'मी तुझा नवरा.'

ते आलंच नाही.

मेधानं मास्कआडून पहिला शब्द दिला. पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. आर्थरचे ओठ हलले, आवाज नाही. आत हॅनेकेच्या मुठीत शाल आवळली जात होती. नर्सचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला.

"थांबा," मेधा फोनवर म्हणाली. "एकच मिनिट."

हॅनेकेनं शाल सोडली. पुढे वाकून, वैतागलेल्या चेहऱ्यानं, तिनं काचेवर बोट आपटलं.

टक टक.

आर्थर ताठ झाला. टोपी डोक्यावर चढवली, पाठ फिरवली आणि बर्फातून तरातरा फाटकाबाहेर गेला.

"काय झालं?" नर्सनं विचारलं. "गेले का ते?"

"नाही," मेधा म्हणाली. "येतायत."