हिट की एरर

“एरर लिही रे पटकन, पोस्ट टाकायचीय,” माझ्या खांद्यावरून स्कोअरबुकात डोकावत श्रीनाथ म्हणाला. आमच्या बेसबॉल क्लबचं फेसबुक पेज हाच चालवतो.

मी वही हाताने झाकली.

बॅटर स्वतःच्या फटक्यावर बेसला पोचला तर हिट. सोपा बॉल फील्डरच्या हातून सुटला म्हणून पोचला तर एरर, आणि ती फील्डरच्या नावावर. कुठलं काय, ते स्कोअरर ठरवतो. म्हणजे मी. आणि बॉल सुटला होता माझ्या लेकीच्या, मयूराच्या हातून. तेरा वर्षांची आहे.

आम्ही टार्निट उपनगराचे, समोर शेजारचं ट्रुगानिना. मध्ये दहा मिनिटांचा रस्ता, पण महिनाभर श्रीनाथ ढोल बडवत होता की विचारू नका. सगळा ढोल आमच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्या कूपरचा. फुकट वाटतात त्या साप्ताहिकातसुद्धा पोराचा फोटो. त्याआधीच्या तीन मॅच आम्ही हरलो, ते मात्र कुठे छापून आलं नाही. आज कूपरच्या बॉलवर अजून एकही हिट बसली नव्हती. एरर लिहिली तर त्याची ‘नो-हिटर’, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट न देण्याचा पराक्रम; हिट लिहिली तर ढोल फुटला.

मला गाजावाजाचा संशयच येतो. २००८ साली शिकायला म्हणून आपल्याकडच्या पोरांची इकडे परदेशात झुंबड उडाली होती, तेव्हा मीही एक चकचकीत ब्रोशर बघून कुकरी, म्हणजे स्वयंपाक, शिकायला आलो. कॉलेज निघालं कार्पेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि एका सकाळी त्यांनाही कुलूप. आता वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. कुणी फार कौतुक करायला लागलं की त्याचा यात काय फायदा, ते आधी बघतो. मला स्कोअरर श्रीनाथनेच केलं. ते का केलं, याचाही मला संशय होताच.

मॅचचा शेवटचा फटका जमिनीवरून सरळ मयूराकडे गेला होता. ती वाकली, बॉल ग्लोव्हला लागून मागे गेला आणि तिसऱ्या बेसवरचा पोरगा रन काढून मोकळा झाला. मला वाटलं, बॉल उसळला. खरंच वाटलं की मी वाटून घेतलं, कोण जाणे.

मी हिट लिहिली.

“पोरीला वाचवतोयस, यतिन.”

“आणि तुला तुझी पोस्ट वाचवायचीय.”

“हो, वाचवायचीय. पोरांना जरा बरं वाटतं. तू कुणासाठी लिहितोयस?”

मला भयंकर राग आला. मी वही मिटली आणि गाडीत मागच्या सीटवर नेऊन टाकली.

त्या एका रनने आम्ही हरलो. मयूरा कुणाकडे न बघता गाडीत येऊन बसली आणि मागच्या सीटवरची वही उघडून बघायला लागली.

“डॅड, हे हिट का लिहिलंय?”

“बॉल उसळला होता गं.”

“नो, इट डिडन्ट.” मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “मी बॉलवरून नजर काढली. सोपा होता.”

“असं आपणहून कोण सांगतं?”

“तू रोज म्हणतोस ना, पेजवर सगळं खोटं असतं, श्रीनाथकाका फेकतात. मग हे काय आहे?”

मला तिची नाही, माझी लाज वाटली. मी रबर काढला, हिट खोडली आणि तिच्या नावापुढे एरर मांडली. ती शेवटपर्यंत बघत राहिली.

श्रीनाथला मेसेज केला, “एरर.” मिनिटभरात पेजवर आलं: ‘कूपरची नो-हिटर! टार्निटने इतिहास घडवला!’ मी शेवटपर्यंत वाचलं. हरलो, हे कुठेच नव्हतं.

तिला फोन दाखवला. वहीतल्या पानाच्या तळाशी निकालाची ओळ असते, ती मी कोरीच सोडली होती. मयूराने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं: ट्रुगानिना १, टार्निट ०.