घराखालचं लोखंड

व्हर्ना टॅकेटचं घर जळालं, त्यानंतर दीड वर्ष ती धाकट्या भावाकडे, रॉइसकडे राहिली. रॉइस कारखान्यात तयार झालेली घरं विकायचा. मी आमच्या काउंटीचा घरतपासनीस. दोघांनाही शाळेपासून ओळखतो.

व्हर्नाची जमीन टेकडीवरच्या रस्त्याला. तिथे फिरत्या घरांना, म्हणजे चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर ओढून आणतात त्या घरांना, बंदी. जागेवर लाकूड ठोकून बांधायचं तर वर्ष गेलं असतं. रॉइस म्हणाला, "ताई, मॉड्युलर घे. खोल्या कारखान्यात होतात, क्रेननं पायावर बसवतात. नियम बांधलेल्या घराचेच. कुणी बोट दाखवणार नाही."

घर बसवायच्या दिवशी त्यानं तिला मावशीकडे सोडलं. "नुसता चिखल नि गोंगाट, तू कशाला?" संध्याकाळी ती परतली तर घर उभं! दारातच तिनं त्याला मिठी मारली.

ऑक्टोबरात मी शेवटच्या तपासणीला गेलो. तिनं माझ्यासाठी मक्याचा पाव भाजला होता. मी टॉर्च घेऊन घराखाली सरपटत शिरलो. डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी तुळया, चाकं काढल्याच्या खुणा ताज्या. मॉड्युलर घर क्रेननं उचललं की खालचं लोखंड ट्रकबरोबर परत जातं. हे मात्र घराला कायमचं जोडलेलं होतं. मागच्या भिंतीवर, जिथे फिरत्या घराची सरकारी लाल पट्टी ठोकलेली असते, तिथे चार भोकं पुट्टीनं बुजवलेली.

मी तिला सांगितलं, हे मॉड्युलर नाही, फिरतं घर आहे; या रस्त्याला ठेवता येणार नाही.

"तुझीच काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "रॉइसनं दिलंय हे मला."

तिनं फोन केला. रॉइस आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मॉड्युलरला पाच महिने थांबावं लागलं असतं."

"मग थांबले असते."

"कुठे? माझ्याकडेच ना?" त्यानं टोपी काढली, परत घातली. "शेरी रोज विचारायची, ही जाणार कधी."

"शेरीचं राहू दे. बायकोच्या पदराआड लपू नकोस. तुझं बोल."

तो म्हणाला, "मलाही जड झालं होतं, ताई."

"हे तोंडावर म्हणाला असतास, तर त्याच दिवशी बॅग भरली असती रे मी. तू माझी मिठी कशी घेतलीस?"



दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात येऊन तिनं भावाविरुद्धच्या तक्रारीवर सही केली. अक्षर नीट आलं. रॉइसचा परवाना गेला.

डिसेंबरात घराला पुन्हा चाकं लावून ते नदीकाठच्या वस्तीत नेलं. तिथे सगळी तशीच घरं. घर उबदार आहे, कुठे गळत नाही. घरात खोट नाही, असं व्हर्ना स्वतःच सांगते. नाताळात रॉइस दाराशी येऊन उभा राहिला. तिनं पडदा बाजूला करून त्याला पाहिलं, आणि पडदा सोडला.