दम्याच्या पुड्या

एकोडीच्या धुरपताला दमा होता. पावसाळ्यात, ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, तिला चार पावलं चालवत नसे. म्हणून एकोणऐंशी साली तिचा नवरा सुखराम यानं साकोलीच्या बाजारातल्या एका फिरत्या औषधवाल्याकडून पांढऱ्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत दमा पळाला. धुरपता पुन्हा चिखलात उतरली, सगळ्या बायांच्या पुढं रोवत गेली. तिचा चेहरा गोल झाला, तेव्हा सुखराम कौतुकानं म्हणाला, "तब्येत सुधरली तुही!"

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "हाडं लय दुखून राहिले जी. पुडी बंद करू का?"

"रोवणा होऊ दे, मंग पाहू."

रोवणा झाला की कापणी यायची, कापणी झाली की चुरणा, म्हणजे धानाची मळणी. अशी सहा वर्षं गेली.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात बादली उचलताना तिच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि ती तिथंच बसली. भंडाऱ्याला डॉक्टरांनी तिला भरती करून पाठीचा फोटो काढला.

"मणका पिचलाय. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, पण पंचेचाळिशीत इतकी? चेहराही सुजलाय. कोणतं औषध चालू होतं?"

"काहीच नाही जी," सुखराम म्हणाला. खिशातल्या पुड्यांवर त्याचा हात होता.

दवाखान्यात पुड्या बंदच होत्या; तिसऱ्या दिवशी धुरपता ओकू लागली. अंग गार पडलं, बोलणं तुटलं. धावत जाऊन सुखरामनं पुड्या टेबलावर टाकल्या.

डॉक्टरांनी पुडी जिभेला लावली आणि नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. "यात स्टेरॉइड असणार. बाई असो की पुरुष, वर्षानुवर्षं घेतलं की हाडं पोकळ होतात. आणि एकदम बंद केलं तर जीव जातो. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"



संध्याकाळी धुरपता शुद्धीवर आली. डॉक्टरांकडून पुड्यांचं कळल्यावर तिनं सुखरामला विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"पुडीत काय होतं, ते नाही. तुले दुखत होतं, ते मालूम होतं."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दोन महिन्यांनी ती कमरेत वाकूनच घरी आली. सुखराम तिला न्हाऊ घालायचा, भात रांधायचा. शेजारची बायजाबाई एकदा म्हणाली, "असा नवरा भेटाले नशीब लागते वं, धुरपता!"

सुखराम हातातला भाताचा गंज चुलीवरच ठेवून मागच्या दारानं बाहेर निघून गेला.