पंगतीबाहेर

इटलीच्या लढाईत नाथाजीच्या पोटात तोफगोळ्याचा तुकडा शिरला. फौजी डॉक्टरांनी जीव वाचवला, पण फाटलेलं आतडं पोटाच्या डाव्या अंगाला भोक पाडून बाहेर काढलं. शौच आता तिथूनच व्हायचं आणि ते कधी होईल, हे त्याच्या हातात नव्हतं. पुण्याच्या इस्पितळात सांगितलं, "हे आता जन्मभर असंच राहणार."

कडेगावजवळच्या आपल्या गावी तो आला, तेव्हा सगळं त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, शिकून घेतलं. कोमट पाण्यानं पुसायचं, सोललेल्या कातडीला खोबरेल लावायचं, जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवून वरून पट्टा आवळायचा. ती कधी तोंड वाकडं करत नसे. तोच भिंतीकडं मान वळवून पडायचा.

नाथाजीनं खाणं कमी केलं. भाकरी अर्धी, मग चतकोर.

"आवं, दोन घास तरी खावा," राहीबाई म्हणायची.

"खाल्लं की हुतंय. न्हाई खाल्लं तर मानसांत बसता येतंय."

धाकट्या बहिणीचं, अंजनाचं, लग्न ठरलं. नाथाजी तिचा एकुलता भाऊ. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान त्याचा. "मी दुसऱ्याला पुढं करतो," तो म्हणाला. अंजना रडायलाच लागली. "दादा, तू जित्ता हाईस न्हवं? मग दुसरा कशापायी?"

लग्नाआधी त्यानं अन्न सोडलं. नुसत्या पाण्यावर राहिला. नवं धोतर, फेटा, आत दुहेरी पट्टा. मांडवात उभा राहिला, तेव्हा अशक्तपणानं पाय थरथरत होते, पण राहीबाईला वाटलं, किती दिवसांनी ह्यांची मान ताठ झाली.

तो कान पिळायला वाकला आणि पोटातून मोठा आवाज झाला. मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. मग वास आला. नवऱ्या मुलानं उपरणं नाकाला लावलं.

नाथाजी मागं सरला. चुलतभावाला कुणी तरी पुढं ढकललं. वाजंत्री वाजू लागली, अंजना मान वळवून मागं बघत राहिली.

राहीबाईला तो मळ्यातल्या खोपीत सापडला. ती पंगतीतलं ताट घेऊन आली होती.

"ने ते," तो म्हणाला.

"आता कुठं बसायचंय मानसांत? खावा की मग."

तिला बोलून गेल्यावर कळलं, आपण काय बोललो. ताट तसंच राहिलं.

त्या दिवसापासून तो खोपीतच राहू लागला. राहीबाईनंही आपली चूल तिकडं नेली. भाऊबीजेला अंजना ओवाळायला आली, ती थेट मळ्यात. तबक खाली ठेवून ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"वास येतोय न्हवं?" त्यानं विचारलं.

"येतोय," अंजना म्हणाली. "मी बसलीया न्हवं?"

त्या दिवशी त्यानं लाडू खाल्ला. दुसराही खाल्ला. बायको आणि बहीण बघत राहिल्या.

पण एका दिवसानं काय होणार? पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि उतरेना. राहीबाईनं बैलगाडी जुंपून त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घडी उचलून पोट पाहिलं.

"जखम उत्तम आहे. कुणी इतकी स्वच्छ ठेवली?" मग बरगड्यांवरून हात फिरवत ते थांबले. "अंगात काहीच उरलेलं नाही. बाई, यांना तुम्ही जेवायला घालत नव्हता का?"

नाथाजीनं डोळे उघडले.

"तिला बोलू नगा, सायेब. तिनं रोज वाढलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. राहीबाईनं त्याला पुसलं, खोबरेल लावलं, स्वच्छ घडी ठेवली आणि पट्टा बांधला. परिचारिका म्हणाली, "आता कशाला, बाई?"

"लोकं येतील," राहीबाई म्हणाली. "ह्यास्नी लाज वाटंल."