न्यायाधीशाची मिशी, बापाची मिशी

"हा गोंद आहे की शिक्षा? नाक खाजवायचीसुद्धा चोरी!" ओठ पुटपुटले. इतक्या जवळून ही कुरकुर ऐकणारी मी एकटीच. मित्रांनो, मी एक जुनी खोटी मिशी आहे.

विग बनवणाऱ्या बाईंनी बारीक जाळीवर एकेक केस गाठवून मला घडवलं. माझा मालक नट. नायक नव्हे हं! नायकाचा मामा, इन्स्पेक्टर, पोस्टमास्तर, कंजूष सासरा. नाटक, सिनेमा, मालिका, सगळीकडे आम्ही जोडीने. रस्त्यात लोक थांबवायचे, "अहो, तुम्ही ते... ते नाही का हो!" नाव कुणालाच आठवायचं नाही. तो हसून म्हणायचा, "तोच मी." तो म्हणजे नक्की कोण, हे कोडं मलाही सुटलेलं नाही.

काम संपलं की तो मला स्पिरिटने पुसायचा, विंचरायचा, डबीत निजवायचा. हल्ली मी गोंदासकट कडक होऊन कुठेही पडलेली असते. एकदा तर साखरेच्या डब्यात निघाले. त्याच्या बायकोने मला मुकाट्याने झटकलं.

अशात आमचं कोर्टाचं जुनं नाटक पुन्हा उभं राहिलं. पूर्वी तो त्यात न्यायाधीश होता, आता आरोपीचा बाप. मिशी मात्र तीच. आजच्या प्रयोगात बापाने हात जोडून म्हणायचं होतं, "माझ्या पोराला सोडा." माझ्याखालचे ओठ थरथरले, थांबले. मग खणखणीत आवाज आला, "आरोपीला जन्मठेप!"

खुर्चीतला न्यायाधीश आ वासून बघत राहिला. आणि टाळ्यांचा कडकडाट!

मला काही कळेना. चूक म्हणावी, तर टाळ्या कशाच्या? की आरशात मला बघूनच त्याला तो जुना न्यायाधीश दिसला?

प्रयोग संपल्यावर आत रंगपटात दिग्दर्शक म्हणाला, "काका, कमाल केलीत!" वकिलाचं काम करणारी म्हणाली, "काटा आला अंगावर." पण त्याच्या डोळ्यांत कुणी बघेना. दोघंही माझ्याकडेच बघत बोलले आणि सटकले.

प्रयोगाला आलेली बायको ओला कापूस घेऊन जवळ बसली. मित्रांनो, चिकटलेलं काहीही ओरबाडू नका. आधी कडा भिजवा, धीर धरा. तिने तसंच केलं.

"उद्याचा प्रयोग कितीला गं?"

"उद्या नाही जायचं."

"वा! टाळ्या ऐकल्यास ना?"

"ऐकल्या." तिने मला अलगद सोडवून तळहातावर घेतलं. "पण तुम्ही वाक्य बदललं नाहीत हो. तुम्ही विसरलात. हल्ली तुम्ही विसरता."